पांढरे केस, कढीपत्ता आणि माझ्या दुकानातली खुर्ची

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत आरोग्याच्या पानावर "चाळीस दिवसांत पांढरे केस मुळापासून काळे" असं मोठ्या अक्षरात आलं होतं. रोज उपाशीपोटी कढीपत्त्याची सात पानं चावून खायची, वरून आवळ्याचा रस घ्यायचा आणि तांब्याच्या तांब्यातलं रात्रभर ठेवलेलं पाणी प्यायचं. त्याचं कात्रण खिशात घालून आतापर्यंत तिघं जण माझ्या दुकानात येऊन गेले. एकानं तर फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "आता तात्याचा धंदा बसला बगा." माझा धंदा काही बसत नाही साहेब, उलट असलं काही छापून आलं की दीड-दोन महिन्यांनी डायची गिऱ्हाइकी वाढते, कारण माणूस आधी चाळीस दिवस वाट बघतो आणि मग गपचूप माझ्या खुर्चीत येऊन बसतो. धंद्याच्या हिशोबानं मी गप बसायला पाहिजे होतं, पण राहवलं नाही म्हणून लिहायलोय.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात बस स्टँडच्या मागं माझं सलून आहे, अठ्ठावीस वर्षं झाली. शिक्षण बारावी नापास. वडील बलुत्यावर गावची हजामत करायचे, सुगीला घरटी ज्वारी मिळायची, त्यावर आमचं वर्ष निघायचं. म्हणजे केसाशी आमचं नातं दोन पिढ्यांचं आणि ज्वारीशी पण. डॉक्टरकी मला येत नाही, पण डोकी मी रोज वीस-पंचवीस बघतो, आणि एकच डोकं दर महिन्याला वर्षानुवर्षं बघायला मिळतं हे तर डॉक्टरला सुद्धा मिळत नसेल. कुणाचे कल्ले कधी पिकले, कुणाच्या भांगात पहिला पांढरा कधी आला, ते मला त्याच्या बायकोच्या आधी कळतं.

दुकान टाकलं तेव्हा डाय लावायला यायचे ते पंचेचाळीस-पन्नाशीचे, पोरीचं लग्न काढलंय म्हणून किंवा सासुरवाडीला जायचंय म्हणून. आता अकरावी-बारावीची पोरं येतात. क्लासला जायच्या आधी सकाळी सातला येतात, खाली मान घालून म्हणतात, "काका, मागून लई दिसायलेत, जरा काळं करून द्या ना, पप्पाला सांगू नका." आपल्याकडं पंचविशीच्या आधी केस पिकले तर त्याला डॉक्टर लोक अकाली पिकणं म्हणतात. वीस-पंचवीस डोक्यांत एखादं तरी असं कोवळं पांढरं मला रोज दिसतं. अशा पोरांना कढीपत्ता चघळायला सांगून चाळीस दिवस घालवणं मला पटत नाही, कारण त्यातल्या काहींच्या अंगात खरंच काहीतरी कमी असतं, ते सुईनं दोन थेंब रक्त काढलं की कळतं, आणि तेच नेमकं कुणी सांगत नाही.

माझी पोरगी परभणीला कृषी विद्यापीठाच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात शिकते, अन्न आणि पोषण हा तिचा विषय. सुट्टीत घरी आली की दुकानात बसून माझं डोकं खाते. पुढं जी शास्त्राची बोली आहे ती तिची, टोमणे माझे.

आधी केसाचं सांगतो. कातडीच्या वर आला की केस मेलेला असतो, म्हणून तर कापताना दुखत नाही. रंग भरला जातो तो आत, मुळाशी. तिथं रंगारी बसलेले असतात, मेलॅनोसाइट म्हणतात त्यांना, केस आत विणला जात असतानाच ते त्यात मेलॅनिन नावाचा रंग घालतात. रंगाचा कच्चा माल म्हणजे टायरोसिन, तो प्रोटीनमधून येतो, आणि त्याचा रंग करायचं जे हत्यार आहे टायरोसिनेज, ते तांब्याशिवाय चालत नाही. एक केस दोन ते सात वर्षं वाढतो, मग गळतो, त्याच जागी दुसरा येतो, आणि दर नव्या केसाला नवे रंगारी लागतात. त्यांचा साठा वयानुसार संपत जातो. साठा संपला की केस येतो पण कोराच येतो, आपण त्याला पांढरा म्हणतो. "एक उपटला की दहा येतात" हे म्हणूनच खोटं, एका छिद्रातून एकच यायचा आणि तो पांढराच यायचा, शेजारच्या छिद्राला काही निरोप जात नाही. उपटून उपटून भांग मात्र विरळ होतो, हे मी रोज बघतो.

आता बाहेर आलेल्या केसाला तुम्ही कढीपत्त्याचं तेल लावा, कांद्याचा रस लावा, भृंगराज लावा, मेलेल्या सुतळीत रंगारी कुठून घुसणार? तेल लावू नका असं म्हणत नाही, खोबरेल तेलानं केसाची झीज कमी होते, मऊ राहतो, आणि माझ्याकडचा हेड मसाज तर जरूर करून घ्या. पण काळा होणार नाही. तसंच बोरच्या पाण्याचं. आमच्याकडं दर दुसरा माणूस म्हणतो, क्षाराच्या पाण्यानं केस पिकले. क्षाराच्या पाण्यानं केस राठ होतात, कंगवा अडकतो, साबणाला फेस येत नाही हे खरं, पण रंग तर कातडीच्या आत भरला जातो, तिथं तुमच्या बोरचं पाणी बादलीनं पोचत नाही.

पोटातून जायचं ते वेगळं. इथं तुमच्या लेखाची दिशा बरोबर आहे, पत्ता चुकलाय.

आमच्या मेव्हण्याची गोष्ट सांगतो. जिंतूरकडं शेती आहे त्याची. दोन वर्षं पाऊस नव्हता तेव्हा दावणीला हिरवं काहीच नव्हतं, नुसता कडबा आणि सोयाबीनचं भुसकट. म्हैस काळीभोर होती, तिचे केस भुरके तांबूस पडले, डोळ्याभोवती तर चष्मा घातल्यासारखं पांढरट कडं आलं. मेव्हण्याला वाटलं नजर लागली, लिंबू-मिरची बांधली. मग जनावराचे डॉक्टर आले, त्यांनी बघितल्याबरोबर सांगितलं की तांबं कमी पडलंय, खनिज मिश्रण चालू करा. रोज पेंडीत मूठभर मिसळून द्यायला लागले आणि तीन-चार महिन्यांत नवे केस आले ते काळे आले. मी डोळ्यानं बघितलंय. त्या दिवशी डोक्यात आलं, म्हशीला एका नजरेत कळलं की काय कमी पडलंय, आणि आमच्या दहावीतल्या पोराला मात्र आम्ही रील बघून कांदा चोळायलोय.

माणसात पण हे असतं. १९३० च्या दशकात आफ्रिकेत, आजच्या घाना देशात, सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टर बाई होत्या, त्यांनी लेकरांचा जो कुपोषणाचा आजार लिहून ठेवला, क्वाशिओरकर, त्यात लेकराचे केस तांबूस-भुरके होतात. मधे बरं खायला मिळालं की तेवढा पट्टा काळा येतो, परत उपास पडला की परत भुरका, म्हणजे एकाच केसावर झेंड्यासारखे पट्टे दिसतात. हे पोरीनं वाचून दाखवलं तेव्हा माझी आई पलीकडं भाजी निवडत होती, ती म्हणाली, "बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गल्लीतल्या लेकरांची डोकी अशीच झालती, मिलो आन् सुकडी खाऊन दिस काढले." कुणी तेव्हा झेंडा मोजला नाही एवढंच.

पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बी-१२. हे व्हिटॅमिन कमी पडलं की रक्त कमी होतं, हातापायाला मुंग्या येतात, जीभ लाल गुळगुळीत होते, चालताना तोल जातो, विसरायला होतं, आणि काही लोकांत केस लवकर पिकतात. कमी वयात केस पिकलेल्या पोरांवर आपल्या देशात जे अभ्यास झाले त्यात बऱ्याच ठिकाणी बी-१२ कमी निघालं, काही ठिकाणी लोहाचा साठा, ज्याला फेरिटिन म्हणतात, तो पण कमी निघाला. आणि बी-१२ आपल्याकडं कमी असणं ही काही एखाद-दुसऱ्याची गोष्ट नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या लोकांनी खेडं, झोपडपट्टी आणि शहरातला मध्यमवर्ग असे ४४१ पुरुष तपासले होते, २००६ ला ते छापून आलं, त्यात ६७ टक्के लोकांचं बी-१२ कमी होतं. तीनात दोन! आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त कमी कुणाचं, तर शहरातल्या चांगल्या खात्यापित्या मध्यमवर्गाचं.

कारण बी-१२ हे ना ज्वारीत आहे, ना दाळीत, ना पालेभाजीत, ना कढीपत्त्यात. ते बनवतात जिवाणू, आणि आपल्याला मिळतं दूध, दही, अंडी, मासे, मटण, काळीज यातून. मोठ्या माणसाला दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम लागतं असं आपल्या आयसीएमआरनं, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, २०२० ला सांगितलंय. पाव लिटर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅमच्या आसपास येतं, अंड्यात अर्धा. शेळीच्या काळजाच्या एका फोडीत मात्र कित्येक दिवसांचं येतं.

आता तुम्हीच हिशोब करा. आमच्याकडं घरात दोन म्हशी असल्या तरी दूध कुठं जातं? डेअरीला. पहाटे कॅन भरायचा, फॅट लावून घ्यायचं, आणि घरच्या लेकराला चहात चमचाभर, तेही उकळून उकळून लाल झालेल्या चहात, सोबत दोन बटर किंवा खारी. निम्मी घरं माळकरी. माळकऱ्यांविषयी मला आदरच आहे, माझी आई पण माळकरी आहे, तिच्या ताटात अंडं कुणी ठेवणार नाही आणि ठेवू पण नये. पण मग त्या घरात दूध-दही तरी पोटात जायला पाहिजे ना? आणि शाळेत? २०२३ च्या शेवटी पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू झालं होतं, न खाणाऱ्याला केळ, केळ्यात बी-१२ नसतं पण ते जाऊ द्या. २०२५ च्या जानेवारीत सरकारनं त्याचा पैसा थांबवला आणि लोकवर्गणीतून करा म्हणून सांगितलं. तुमच्या पेपरनं यावर एक अग्रलेख लिहिला असता तर मी तो फ्रेम करून आरशाशेजारी लावला असता.

आईला गोळी दिली डॉक्टरांनी तर ती घेईना, म्हणे, "कशापासून करत्यात काय माहीत." तेव्हा पोरीनं तिला समजावलं की गोळीतलं बी-१२ कारखान्यात जिवाणूंकडूनच बनवून घेतात, कुठलं जनावर कापत नाहीत. मग घ्यायला लागली. हे मुद्दाम लिहितोय कारण अशी माणसं घराघरात आहेत.

अजून एक जे कुणी सांगत नाही. शुगरवाले लोक मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षं घेतात, आणि अर्धं गाव सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी घेतं, ती पण मेडिकलवाल्याला विचारून. या दोन्ही फार दिवस चालू राहिल्या तर बी-१२ नीट शोषलं जात नाही. काळजात म्हणजे आपल्या लिव्हरमध्ये याचा साठा असतो, तो काही वर्षं पुरतो, त्यामुळं उणीव लगेच कळत नाही, आणि कळते तेव्हा पायाला मुंग्या सुरू झालेल्या असतात. नसांचं नुकसान फार दिवस राहिलं तर पूर्ण भरून येत नाही. डोक्याचं पांढरं मी झाकू शकतो, नसांना माझ्याकडं इलाज नाही.

रक्ताचं पण थोडं सांगतो. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांत ५७ टक्के ॲनिमियावाल्या आहेत, २०१९-२१ च्या सरकारी पाहणीतला आकडा आहे. घरच्या बाईचंच रक्त कमी, तिच्या लेकराचं कुठून जास्त असणार? आणि इथं आमच्या परभणीचं एक चांगलं काम आहे, ते तुमच्या पानावर कधी आलेलं मला तरी आठवत नाही. कृषी विद्यापीठानं हैदराबादच्या इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेबरोबर मिळून 'परभणी शक्ती' नावाची ज्वारी काढली, २०१८ ला. नेहमीच्या ज्वारीत किलोला साधारण ३० मिलिग्रॅम लोह असतं, हिच्यात ४५, आणि जस्त पण २० च्या जागी ३२. पण पेरणार कोण? माझ्या वडलांना बलुत्यात पायलीनं मिळायची ती ज्वारी आता शिवारात शोधावी लागते, सगळीकडं सोयाबीन, आणि ते सोयाबीन पण आमच्या ताटात येत नाही, सरळ ऑइल मिलला जातं. घरात रेशनचा तांदूळ शिजतो आणि भाकरी खायला लोक ढाब्यावर जातात, तिथं ती पोळीपेक्षा महाग मिळते. असो.

भाकरीसोबत जे लागायचं ते पण गेलं. तिळाची चटणी, कारळाची चटणी, जवसाची चटणी, शेंगदाण्याचा कूट. तांब्यासाठी तांब्याच्या बाटल्या विकत घेणाऱ्यांना मी सांगतो, दोन मोठे चमचे तिळाची चटणी खा, अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर तांबं त्यातच येतं, दिवसाला लागतं एक-दोन मिलिग्रॅम, बाकीचं दाळ-शेंगदाण्यातून येतं. साध्या जेवत्या माणसाला तांबं सहसा कमी पडत नाही. उलट केस गळतात म्हणून जस्ताच्या म्हणजे झिंकच्या गोळ्या मनानं महिनोन् महिने खाणाऱ्यांचं तांबं कमी पडू शकतं, जस्त जास्त झालं की ते तांब्याला आत येऊ देत नाही. आणि तांब्याच्या भांड्यात लिंबाचा रस, आवळ्याचा रस, ताक असलं आंबट ठेवू नये हे आमच्या आज्ज्यांना माहीत होतं, म्हणून तर भांड्याला कल्हई करायचे. तुमच्या लेखात आवळ्याचा रस पण आहे आणि तांब्याचं भांडं पण आहे, कुणीतरी दोन्ही एकत्र करणार बघा.

फॉलिक ॲसिडचं एक ऐकून मला भारी वाटलं. ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर बाई मुंबईत आल्या होत्या, गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचं रक्त का कमी होतं ते शोधायला, आणि त्यातून जे पुढं हाती आलं ते फॉलेट, म्हणजेच हे फॉलिक ॲसिड, १९३१ ची गोष्ट. ते हिरव्या पाल्यात असतं आणि फार शिजवलं की उडतं. आता आपला हरभऱ्याच्या पाल्याचा घोळाणा आठवा, कच्चा पाला, वर तिखट-मीठ, शेंगदाण्याचा कूट आणि कच्चं तेल! कुणाला न विचारता आमच्या बायकांनी ते बरोबर केलं होतं. फक्त नुसतं फॉलिक ॲसिड खाऊन बी-१२ ची उणीव झाकू नये, रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि नसा आतून खराब होत राहतात, असं पोरगी बजावून सांगते.

आता माझ्या खुर्चीतली दोन पोरं. एकाचं वय सतरा, मागची बाजू निम्मी पांढरी, सारखा थकलेला, खुर्चीतच झोपायचा. वडलांना मी बळंच सांगितलं रक्त तपासा. बी-१२ एकशे वीस निघालं, दोनशेच्या खाली कमीच धरतात. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, मग गोळ्या. तीन महिने काही फरक नाही, आणि तो दिसायचाही नव्हता, केस महिन्याला एखादा सेंटिमीटर वाढतो, आत काही बदललं तरी वर यायला वेळ लागतोच. पाच-सहा महिन्यांनी मशीन मारताना मला काही केस दिसले, टोकाला पांढरे आणि बुडाला काळे. मी मशीन खाली ठेवून त्याच्या बापाला आत बोलावलं. सगळे नाही झाले हो, थोडेच झाले, बाकीचे आहेत तसेच आहेत. पण पोरगं आता खुर्चीत झोपत नाही.

दुसरा वीस वर्षांचा. त्याचे सगळे रिपोर्ट चांगले, थायरॉइड चांगला, दूध-अंडी भरपूर. त्याचा बाप विसाव्या वर्षी पिकला, आजा पण तसाच, मी त्या तिघांचीही कटिंग केलीय. त्याला मी म्हटलं, "बाळा, तुझं खानदानी आहे, पैसे वाचव." हे नुसतं माझं मत नाही, २०१६ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या लोकांनी, त्यात कौस्तुभ अधिकारी म्हणून आपला एक भारतीय माणूस होता, लॅटिन अमेरिकेतल्या सहा हजारांवर लोकांचे जीन तपासून केस पिकण्याशी जोडलेला आयआरएफ-४ नावाचा जीन शोधला. तो एकटाच सगळं ठरवत नाही, पण आजा-बाप-नातू ही लाईन कशी चालते त्याचा एक धागा तरी हाती लागला. अशा पोराला कुठलाच पाला, कुठलंच व्हिटॅमिन काळं करत नाही.

तसं तर एक व्हिटॅमिन असं होतं की त्यानं फार आशा लावली होती. काळ्या उंदरांना पँटोथेनिक ॲसिड दिलं नाही तर ते पांढरे पडतात हे फार जुनं, १९४० च्या आसपासचं. लगेच लोक गोळ्या घेऊन माणसांच्या मागं लागले. उंदीर काळे झाले, माणसं नाही झाली. तरी ती गोळी आजही चिठ्ठीवर लिहिली जाते. आणि आता तर बायोटिन नावाच्या व्हिटॅमिनच्या गोड गोळ्या निघाल्यात, जिलेबीच्या भावात. खरी बायोटिनची उणीव फार क्वचित असते. पण मोठ्या डोसनं थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्यानं, २०१७ ला तसा इशारा दिलाय. म्हणजे ज्या थायरॉइडमुळं केस पिकू शकतात तोच तपासताना गोळी आडवी येते! रक्त द्यायच्या आधी डॉक्टरला सांगा की मी हे खायलोय.

एक गोष्ट मात्र माझ्या धंद्यातली निघाली. हेअर कलरमध्ये आम्ही जे डेव्हलपर मिसळतो ते हायड्रोजन पेरॉक्साइड असतं, त्यानं केसाचा मूळ रंग उडतो. २००९ मध्ये जर्मनी आणि इंग्लंडच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की तेच पेरॉक्साइड पिकलेल्या केसाच्या मुळाशी शरीर स्वतःच साठवत असतं, कारण ते फोडून टाकणारं कॅटॅलेज वयानुसार कमी पडतं. म्हणजे आतमध्ये कुणीतरी फुकटात ब्लीच करायला बसलंय. यावरून लगेच अमकं फळ खा, तमका रस प्या असं सुरू झालं, पण फळ खाऊन ते पेरॉक्साइड कमी झालं आणि केस काळे झाले असं कुणी दाखवलेलं नाही.

टेन्शनचं लोक विचारतात. ते खोटं नाही. २०२० ला हार्वर्डमध्ये उंदरांवर दिसलं की जास्त ताण पडला की नसांमधून जे रसायन सुटतं त्यानं रंगाऱ्यांचा साठा एकदम संपतो. आणि २०२१ ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात चौदा माणसांचे केस बारीक तपासले, त्यात एका माणसाचे पाच केस तो सुट्टीवर गेला तेवढ्या दिवसांत परत काळे झालेले दिसले. मी हे दुकानात वाचून दाखवलं तर दाढीला बसलेला एक शेतकरी म्हणाला, "आमाला बी पंधरा दिस सुट्टी द्या म्हनावं, सोयाबीनचा भाव ठरवून मंग." सगळं दुकान हसलं, तो नाही हसला.

बिडी-सिगारेटचा आणि लवकर पिकण्याचा संबंध पण बऱ्याच ठिकाणी दिसलाय. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे म्हणतात, माझ्या ओट्यासमोरून रोज सकाळी पुड्यांचा ढीग झाडावा लागतो.

शेवटी काळी मेंदी. मेंदी काळी नसते साहेब, मेंदीचा रंग तांबडा-भगवा, कितीही भिजवा. ती काळी होते ती त्यात पीपीडी नावाचं रसायन घातलं म्हणून. "हर्बल आहे, काही होत नाही" म्हणून एका मास्तरनं घरीच पाकीट लावलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आला तेव्हा डोळे उघडत नव्हते, कपाळ सुजून भुवयांवर आलं होतं. त्याला तसंच दवाखान्यात नेलं. तेव्हापासून मी नव्या माणसाला आधी कानामागं थोडंसं लावून दोन दिवस थांबायला सांगतो. बरेच जण चिडून समोरच्या दुकानात जातात, जाऊ द्या.

तर तुमच्याकडं माझं एवढंच मागणं आहे. तो चाळीस दिवसांचा लेख ज्या पानावर छापला त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा की पंचविशीच्या आत केस पिकत असतील तर डॉक्टरला दाखवून हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या, कमी निघालं तर त्याचा इलाज आहे, आणि सगळं चांगलं निघालं तर खाण्यानं काळे होणार नाहीत. आणि त्याच पानाच्या खाली ती जी तेलाची जाहिरात येते, आधीचा टक्कल आणि नंतरचा सिंहासारखा फोटो, त्यातला आधीचा आणि नंतरचा माणूस एकच नाही. कानाची पाळी बघा दोघांची. आम्ही कानच बघत असतो दिवसभर, आम्हाला फसवू नका.

कळावे,
आपला एक जुना वाचक आणि सलूनवाला,
जि. परभणी
(नाव छापू नये, समोरचा दुकानदार पण तुमचाच पेपर घेतो.)

ता.क. हे पत्र पोरीनं मोबाइलवर टाईप करून दिलंय, मी बोलत गेलो ती लिहीत गेली. मधेच ती म्हणाली, "पप्पा, तुमचं स्वतःचं बी-१२ कधी तपासलंय का?" सोमवारी दुकान बंद असतं, त्या दिवशी जाणार आहे.